जबाब कोण देणार?

सध्या कोणत्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये डोकावले, तर चहाबरोबर एक विषय हमखास निघतो. पूर्वी तो वेतन आयोगाचा असे, मग नॅकच्या भेटीचा झाला. आता तो 'मुलं सगळं चॅटजीपीटीकडून लिहून आणतात' हा आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ओपनएआय या कंपनीने हे बोलके यंत्र सर्वांसाठी खुले केले. पाठोपाठ गुगलचे जेमिनी आले, आणखीही आले. बघता बघता ज्याच्या खिशात मोबाइल आहे, त्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक फुकटचा लेखनिक मिळाला. निबंध, प्रकल्पाचा अहवाल, संगणकाचा प्रोग्रॅम, प्रयोगाचे निष्कर्ष, जे मागाल ते हा लेखनिक काही सेकंदांत लिहून देतो.

यावर आमच्या मंडळींत सरळसरळ दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे, की हे थेट कॉपी करणे आहे, तेव्हा बंदी घाला. दुसरा तट म्हणतो, काळाबरोबर चालले पाहिजे. कॅल्क्युलेटर आला तेव्हाही अशीच ओरड झाली होती, तेव्हा कार्यशाळा घ्या आणि वापरा. या दोन्ही तटांना खूश ठेवण्यासाठी विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या परिपत्रकांतून एक गोंडस शब्दप्रयोग रूढ झाला आहे : कृत्रिम बुद्धिमत्तेचा 'जबाबदार वापर'. हा वापर जबाबदारीने करावा, असे सगळेच सांगतात. तो म्हणजे नेमका काय, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

माझ्या मते उत्तर त्या शब्दातच आहे. 'जबाबदार' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ज्याच्यापाशी जबाब आहे, जो विचारल्यावर उत्तर देऊ शकतो, तो जबाबदार. विद्यार्थ्याने यंत्र वापरले की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. त्याने जे लिहून दिले, त्याचा जबाब तो देऊ शकतो का, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो जबाब त्याच्याकडे कुणी मागतो का, हा खरा प्रश्न आहे. गेली कित्येक वर्षे आपण तो मागणेच सोडून दिले आहे. यंत्राने फक्त हे उघडे पाडले, इतकेच.

जुनेच दुखणे

उतरवून काढण्याची विद्या चॅटजीपीटीने महाराष्ट्रात आणली, असे कुणी समजू नये. विज्ञान शाखेत शिकलेल्या कोणत्याही गृहस्थाला विचारा, प्रात्यक्षिकांची जर्नल्स कशी पूर्ण होत असत. सबमिशनच्या आदल्या रात्री वसतिगृहाच्या एका खोलीत वर्गातल्या हुशार मुलाचे जर्नल मध्ये ठेवून चौघे चार बाजूंनी उतरवून घेत. निरीक्षणांचे आकडे आधीच ठरलेले, निष्कर्ष त्याहून आधी. अभियांत्रिकीच्या मुलांनी तर काचेखाली दिवा लावून वरच्या कागदावर ड्रॉइंग गिरवण्याच्या प्रकाराला 'जीटी मारणे' असे नावच ठेवले होते. मुंबईकडे पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प 'ब्लॅक बुक' म्हणून ओळखला जातो, आणि तो तयार विकत देणारी दुकाने महाविद्यालयांच्या आसपास असतात, हे गुपित राहिलेले नाही. परीक्षेसाठी गाइडे आणि अपेक्षित प्रश्नसंच होतेच. स्वतःच्या शब्दांत लिहिण्यापेक्षा 'बोर्डाला हवे तसे' लिहिण्याची सवय आपण मुलांना लहानपणापासून लावत आलो.

मग नवीन काय घडले? दोन गोष्टी घडल्या. पूर्वी उतरवणाऱ्याचा निदान हात तरी दुखत असे, आणि हात चालता चालता दोन-चार ओळी डोक्यात शिरत. आता तेवढाही संबंध उरला नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. पूर्वी चोरलेल्या मजकुराला मूळ असे, आणि ते शोधता येई. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी जे विनियम केले, ते याच गृहीतकावर उभे आहेत. प्रबंधातील मजकूर इतर मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत जुळला तर माफ. १० ते ४० टक्के जुळला तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचा. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्षाची बंदी आणि त्यापुढे नोंदणी रद्द. परंतु यंत्र प्रत्येकाला दर वेळी नवे वाक्य जुळवून देते. ते कुठूनच जसेच्या तसे उचललेले नसते, त्यामुळे कशाशीच जुळत नाही. म्हणजे सबंध प्रबंध यंत्राने लिहिला, तरी या फूटपट्टीवर तो निर्दोष ठरू शकतो.

चोर पकडणारे यंत्र

यावर उपाय म्हणून यंत्राने लिहिलेले ओळखणारी यंत्रे बाजारात आली, आणि अनेक संस्थांनी ती घेतलीही. शिक्षकाला ही सोय मोठी वाटते. फाइल टाकावी, टक्केवारी यावी, मुलाला बोलवावे आणि सुनवावे. ही सोय किती पोकळ आहे, ते मात्र पाहिले पाहिजे.

खुद्द ओपनएआय कंपनीने असे एक ओळखयंत्र जानेवारी २०२३मध्ये काढले. कंपनीनेच सांगितलेली त्याची कामगिरी अशी, की यंत्रलिखित मजकुरांपैकी ते केवळ २६ टक्के ओळखत असे, आणि माणसाने लिहिलेल्या १०० मजकुरांपैकी ९ मजकुरांवर विनाकारण ठपका ठेवत असे. त्याच वर्षी जुलैमध्ये ते पुरेसे अचूक नसल्याचे सांगून कंपनीने ते बंद केले. ज्याने चावी घडवली, त्यालाच कुलूप करता आले नाही!

त्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी सात ओळखयंत्रे तपासली. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही, अशा विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. निबंध माणसांचेच होते. तरीही सरासरी ६१ टक्के निबंध यंत्रांनी 'कृत्रिम' ठरवले. कारण समजण्यासारखे आहे. परकी भाषा कष्टाने शिकलेला माणूस साधे, ठरावीक शब्द वापरतो, वाक्ये नियमात बसवतो, आणि यंत्रही नेमके तसेच लिहिते. टेनेसी राज्यातील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३मध्ये टर्निटिन या प्रसिद्ध कंपनीचे ओळखयंत्र बंद केले, तेव्हा दिलेला हिशेब प्रत्येक कुलगुरूने वाचावा असा आहे. चुकीचे प्रमाण अवघे एक टक्का आहे, असे कंपनी म्हणते. ते खरे मानले, तरी आमच्याकडे वर्षाला ७५ हजार लेखनकामे तपासली जातात. म्हणजे ७५० निरपराध मुलांवर आळ येईल.

आता हा हिशेब आपल्याकडे लावून बघा. लातूर, नंदुरबार किंवा सावंतवाडीजवळच्या गावातून मराठी माध्यमात शिकून आलेली मुलगी शब्दकोश शेजारी घेऊन इंग्रजीत असाइनमेंट लिहिते. व्याकरण चुकू नये म्हणून छोटी वाक्ये करते. आणि यंत्र तिलाच चोर ठरवते! आपण लिहिलेच नाही, हे सिद्ध करता येईल, पण आपणच लिहिले, हे कसे सिद्ध करायचे? २०२४मध्ये हरियाणातील एका खासगी विद्यापीठात विधी शाखेच्या विद्यार्थ्याला असेच नापास करण्यात आले, तेव्हा त्याने थेट पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात दाद मागितली. सगळ्यांना ते परवडत नाही. बाकीचे मान खाली घालून निघून जातात.

लेखनिकाचे गुण आणि दोष

मग यंत्राला मोकळे रान द्यावे का? इथे कॅल्क्युलेटरचा दाखला देणाऱ्या मंडळींशी माझा मतभेद आहे. कॅल्क्युलेटर फक्त आकडेमोड करतो आणि ती बरोबर करतो. हे यंत्र अफाट मजकूर पचवून, एका शब्दामागून कोणता शब्द येणे संभवनीय आहे, याचा अंदाज बांधत वाक्य रचते. त्याचा अंदाज पुष्कळदा बरोबर येतो. पण चुकतो, तेव्हाही ते तितक्याच आत्मविश्वासाने बोलते. न्यूयॉर्कमधील एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने पुरवलेले निवाडे न्यायालयात सादर केले. त्यांतले काही निवाडे कधी झालेलेच नव्हते. जून २०२३मध्ये न्यायालयाने त्या वकिलांना ५ हजार डॉलर दंड केला. तिथे शिकलेसवरलेले वकील फसतात, तर आपला एफवायचा मुलगा काय पडताळणार? मराठीतल्या विषयांबाबत तर अधिक सावध राहायला हवे. इंग्रजीच्या मानाने मराठीतला फार थोडा मजकूर या यंत्रांच्या वाट्याला आलेला आहे. त्यामुळे एका लेखकाचे पुस्तक दुसऱ्याच्या नावावर खपवणे, किंवा नसलेले पुस्तक सालासकट सांगणे, हे प्रकार मी स्वतः पाहिले आहेत.

असे असूनही मी बंदीच्या बाजूचा नाही, आणि याला कारण आहे. शहरातल्या सुशिक्षित घरातल्या मुलाला अडले तर विचारायला वडील असतात, मामा असतो, भरपूर फी घेणारा क्लास असतो. पहिल्या पिढीत पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलाला कोण असते? दहावीपर्यंत 'संवेग' म्हणून शिकलेली कल्पना एकदम 'मोमेंटम' होऊन समोर उभी राहते, आणि वर्गात हात वर करून विचारले तर हसे होईल, या भीतीने तो गप्प बसतो. अशा मुलाला रात्री अकरा वाजता, न लाजता, तोच प्रश्न पाच वेळा, तोही मराठीत विचारता येतो आणि न चिडता उत्तर मिळते, ही लहान गोष्ट नाही. शिकवणीची जी चैन काही घरांपुरती होती, ती यामुळे थोडीशी का होईना सगळ्यांच्या आवाक्यात आली. बंदी घातली, तर हुशारीने वापरणारे वापरतच राहतील. नियम पाळणारे साधे विद्यार्थीच तेवढे मागे पडतील.

फरक पडतो तो कसे वापरतो यावर. तुर्कस्तानातील एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांचा त्यात पुढाकार होता. गणिताच्या सरावासाठी एका गटाला साधे चॅटजीपीटीसारखे यंत्र दिले. त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना यंत्र मिळालेच नव्हते त्यांच्यापेक्षाही हा गट १७ टक्क्यांनी मागे पडला. दुसऱ्या गटाच्या यंत्राला उत्तर सांगायचे नाही, फक्त खुणा सांगायच्या, असे बजावलेले होते. या गटाचे सरावातले यश कितीतरी अधिक होते आणि परीक्षेतले ते नुकसान जवळजवळ टळले. पहिल्या गटाने यंत्राच्या कुबड्या घेतल्या, दुसऱ्याने त्याच यंत्राकडून वाट विचारून घेतली. वाट विचारणारा चालतो स्वतःच्याच पायांनी.

समोर बसवून विचारा

तेव्हा 'जबाबदार वापर' या शब्दाला अर्थ द्यायचा असेल, तर नियम थोडेच पण स्पष्ट हवेत. विद्यार्थ्यासाठी तीन पुरेत. यंत्राची मदत घेतली असेल तर कुठे आणि कशी, ते खाली दोन ओळींत लिहावे. त्याने सांगितलेली प्रत्येक माहिती आणि प्रत्येक संदर्भ मूळ ठिकाणी जाऊन पडताळावा. आणि जे दिले, ते यंत्र बाजूला ठेवून समजावून सांगता आले पाहिजे. शिक्षकासाठी दोन. कोणत्या कामात यंत्र चालेल आणि कोणत्या नाही, हे काम देतानाच सांगावे, नंतर नव्हे. आणि मुलांचे पेपर स्वतः वाचावेत. मुलाने यंत्राकडून लिहून घ्यायचे आणि सरांनी यंत्राकडून तपासून घ्यायचे, असे झाले तर मध्ये विद्यापीठाची गरज काय? दोन यंत्रे आपापसांत बोलतील आणि पदवी टपालाने येईल.

ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाने मूल्यमापनाच्या दोन वाटा केल्या आहेत. एका वाटेवरील परीक्षा देखरेखीखाली, समोरासमोर होतात. तिथे विद्यार्थ्याला स्वतःला काय येते ते कळते. दुसऱ्या वाटेवरील कामात यंत्र वापरायला मोकळीक असते. ही विभागणी मला प्रामाणिक वाटते. आपल्याकडे त्यासाठी नवे काही शोधायला नको. तोंडी परीक्षा, म्हणजेच वायवा, आपल्या पद्धतीत आहेच. फक्त तिचे उपचारात रूपांतर झाले आहे. बाहेरून आलेले परीक्षक, नाश्ता, दोन प्रश्न, आणि 'नेक्स्ट'. तिच्यात जीव आणला पाहिजे. 'हा निष्कर्ष तू कसा काढलास?', 'हा शब्द इथे का?', 'आकडा दुप्पट झाला असता तर?' असे तीन प्रश्न विचारले, की दहा मिनिटांत दूध आणि पाणी वेगळे होते. त्याला कोणतेही ओळखयंत्र लागत नाही.

तोंडी परीक्षेला एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. आपल्याकडे समोर बसवून विचारणे नेहमीच निर्मळ राहिलेले नाही. आडनाव विचारून सुरू होणाऱ्या मुलाखती, 'इंटर्नलचे मार्क माझ्या हातात आहेत' ही धमकी, इंग्रजी अडखळले की तुटक होणारा परीक्षकाचा स्वर, हे सोसलेल्या मुलांना लेखी परीक्षेचा आसरा वाटतो, आणि तो उगीच वाटत नाही. म्हणून तोंडी परीक्षेला कुंपण हवे. परीक्षक दोन असावेत. संभाषण ध्वनिमुद्रित व्हावे आणि तक्रार झाल्यास तिसऱ्याने ते ऐकावे. उत्तर मराठीत द्यायची मुभा असावी. प्रश्न फक्त विद्यार्थ्याने सादर केलेल्या कामावरच असावेत. मोबाइलवरसुद्धा ध्वनिमुद्रण होते. यासाठी कोटीची निविदा काढण्याचे कारण नाही.

खरा खर्च वेगळाच आहे. एका वर्गात १२० मुले धरा. प्रत्येकी दहा मिनिटे म्हटली, तर एका विषयाचे वीस तास झाले. परीक्षक दोन, म्हणजे चाळीस. हे तास कोण देणार? राज्यातल्या महाविद्यालयांतून प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावरची मंडळी गाडा ओढतात. ज्याला शिकवलेल्या तासापुरतेच पैसे मिळतात, ज्याला सकाळी एका गावात आणि दुपारी दुसऱ्या गावात तास घ्यायचे असतात, त्याने मुलांना समोर बसवून दहा दहा मिनिटे बोलावे, ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? त्यात नव्या शैक्षणिक धोरणाने अंतर्गत मूल्यमापनाचे काम वाढवले. माणसे न वाढवता काम वाढवले, की कागद वाढतात, आणि कागद भरण्यात यंत्राचा हात कोण धरणार?

माणसांच्या कामाला यंत्राची ठिगळे लावण्याचा अनुभव आपण घेतलेला आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने पुरेशी तयारी न करता उत्तरपत्रिकांची संगणकाच्या पडद्यावर तपासणी सुरू केली. निकाल महिनोन्महिने रखडले, परदेशी जाणाऱ्यांचे प्रवेश अडचणीत आले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. संगणकाचा त्यात दोष नव्हता. माणसांची तयारी न करता यंत्र आणले, की काय होते, याचा तो धडा होता. आज ओळखयंत्रांवर जो पैसा जाईल, तो शिक्षक नेमण्यावर खर्च करा, एवढेच सरकारला आणि विद्यापीठांना सांगणे आहे.

घरच्या मंडळींनाही यात करण्यासारखे काम आहे, आणि त्याला संगणक यावा लागत नाही. मुलगा किंवा मुलगी 'असाइनमेंट झाली' म्हणाली, तर 'मोबाइलवरून केलीस ना?' असे दरडावू नये. 'काय आहे त्यात, मला सांग' असे म्हणावे. आई शाळेत फार शिकलेली नसली तर उत्तमच. तिला समजेल असे सांगता आले, तर मुलाला ते नक्की समजले आहे. सांगता आले नाही, तर काय करायचे राहिले ते त्याचे त्यालाच कळते. हा प्रश्न ज्या घरात सहज विचारला जातो, त्या घरातल्या मुलाला यंत्राची भीती बाळगायचे कारण नाही.

शेवटी पदवी म्हणजे काय? या माणसाला अमुक येते, असे विद्यापीठाने समाजाला दिलेले ते वचन असते. त्या वचनावर विसंबून आपण इंजेक्शन टोचून घ्यायला दंड पुढे करतो, नव्या पुलावरून एसटीने जातो, आपली मुले शाळेत सोडून येतो. उद्या औषधाची मात्रा चुकली, पुलाला तडा गेला किंवा फळ्यावर चुकीचे लिहिले गेले, तर 'मला यंत्राने सांगितले होते' हा जबाब चालणार नाही. जबाब माणसालाच द्यावा लागेल. तो देण्याची सवय वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षी लागली नाही, तर पुढे लागणे अवघड आहे. ती लावणे हेच विद्यापीठाचे काम, आणि त्यासाठी आधी कुणीतरी समोर बसून प्रश्न विचारायला हवा.